बातम्यांची फिरकी घेणारे कार्यक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर मी बरीच वर्षं काढली. बाईट म्हणजे कुणाच्या बोलण्याचे चित्रित तुकडे कापले, टिकर लिहिले, रात्रीची बुलेटिनं बसवली. शिफ्ट संपवून घरी आलं की डोकं शांत होईपर्यंत परदेशातले हे कार्यक्रम बघायची सवय तेव्हाच लागली. आता पत्रकारितेच्या मुलांना शिकवताना तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. कुणाचा विनोद जास्त झणझणीत, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर. मी बघते ते एवढंच, की हसवण्याआधी कुणी किती अभ्यास केला आहे आणि टोला कुणाच्या पाठीवर बसतो आहे. खालची सगळी तुलना याच तराजूतली आहे.

हे कार्यक्रम म्हणजे खोट्या बातम्याच ना?

बहुतेक नाहीत, आणि गल्लत इथूनच सुरू होते. यात दोन वेगळी घराणी आहेत. पहिल्यात बातमी मनानं रचलेली असते, सांगण्याची ढब मात्र थेट खऱ्या वाहिनीची. बीबीसीवर १९९४ साली आलेला 'द डे टुडे' हा त्याचा उत्तम नमुना. क्रिस मॉरिस आणि आर्मांडो इयानुची या जोडीनं केलेले जेमतेम सहा भाग. त्यात टर उडते ती बातम्यांच्या दुनियेची: अँकरचा करडा सूर, छातीत धडकी भरवणारं संगीत, गरागरा फिरणारं ग्राफिक्स. आमच्या धंद्यातल्या माणसानं तो बघितला की दुसऱ्या दिवशी 'ब्रेकिंग'ची पट्टी लावताना हात क्षणभर थांबतो.

दुसऱ्या घराण्यात बातमी खरी, नेता खरा, त्याचं बोलणंही खरं. अमेरिकेतले 'द डेली शो' आणि 'लास्ट वीक टुनाइट' किंवा जर्मनीचा 'होयटे शो' या घराण्यातले. बाहुल्यांचे कार्यक्रम आणखी निराळे. ब्रिटनचा 'स्पिटिंग इमेज' १९८४ ते १९९६ चालला, तर फ्रान्सचा 'ले ग्विन्योल' १९८८ पासून तब्बल तीस वर्षं. या सगळ्यांना एका रांगेत उभं करून 'सर्वात भारी कोण' विचारणं म्हणजे भारूड आणि कीर्तन यांना एकाच स्पर्धेत गुण देण्यासारखं आहे.

याची सुरुवात कुणी केली?

टीव्हीवर पाया घातला बीबीसीच्या 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज'नं. २४ नोव्हेंबर १९६२ ला तो सुरू झाला, सूत्रधार होता तरुण डेव्हिड फ्रॉस्ट. पंतप्रधानांची नक्कल लोकांच्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या वाहिनीवर होऊ शकते, हे ब्रिटिश प्रेक्षकांनी तिथे पहिल्यांदा पाहिलं. १९६३ च्या अखेरीस तो बंद झाला. १९६४ हे निवडणुकीचं वर्ष आहे, असं कारण बीबीसीनं दिलं. या कार्यक्रमाची मला लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. केनेडींची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा भाग होता. त्या रात्री त्यांनी एकही विनोद केला नाही, पूर्ण भाग श्रद्धांजलीचा केला. कधी गप्प बसायचं हे ज्याला कळतं, त्याच्या थट्टेला वजन येतं.

अमेरिकेत 'सॅटरडे नाइट लाइव्ह'च्या पहिल्याच भागात, ११ ऑक्टोबर १९७५ ला, 'वीकेंड अपडेट' आलं. चेव्ही चेस नावाचा नट टेबलामागे बसून बातम्या दिल्यासारखे विनोद सांगायचा. ते टेबल आजही आहे. पण तिथे बातमी फक्त विनोदाला खुंटी म्हणून लागते. टोपी अडकवली की खुंटीचं काम संपलं.

'द डेली शो' इतका मोठा कसा झाला?

१९९६ च्या जुलैत तो सुरू झाला तेव्हा मोठा नव्हताच. लिझ विन्स्टेड आणि मॅडेलिन स्मिथबर्ग या दोन बायकांनी तो उभा केला, पहिला सूत्रधार क्रेग किलबॉर्न. तेव्हा थट्टा जास्त करून सिनेनटांची आणि चमत्कारिक माणसांची व्हायची. जानेवारी १९९९ मध्ये जॉन स्टुअर्ट आला आणि हळूहळू रोख सत्तेकडे आणि सत्तेच्या बातम्या देणाऱ्यांकडे वळला. २००३ पासून सलग दहा वर्षं टीव्ही कार्यक्रमांना मिळणारा आपल्या गटातला एमी पुरस्कार त्यांच्याकडेच राहिला.

त्यांचं खरं हत्यार होतं बाईटला बाईट भिडवणं. एप्रिल २००३ मधला एक तुकडा मी दर वर्षी वर्गात दाखवते. एका बाजूला २००० सालच्या निवडणुकीतले उमेदवार, टेक्ससचे गव्हर्नर जॉर्ज बुश. दुसऱ्या बाजूला २००३ चे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश, इराकमध्ये फौजा उतरवल्यानंतरचे. दोघांमध्ये वादसभा लावून दिली आहे आणि सूत्रधार आहे स्टुअर्ट. परक्या देशांची उभारणी करायला आपलं सैन्य वापरू नये, असं गव्हर्नर बुश ठामपणे सांगतात. राष्ट्राध्यक्ष बुश नेमकी त्याच्या उलट बाजू मांडतात. दोन्हीकडे एकच चेहरा, एकच आवाज. स्टुअर्ट फक्त प्रश्न विचारतो आणि गप्प राहतो. मुलं आधी हसतात, मग वर्गात शांतता पसरते.

हे बघायला सोपं वाटतं, म्हणून माझा एक अनुभव सांगते. एका रात्री आमच्या बुलेटिनसाठी असाच तुकडा करायचं ठरलं. एका नेत्यानं सकाळी जे विधान केलं होतं, त्याच्या अगदी उलट तो काही वर्षांपूर्वी बोलला होता. मला ते भाषण लख्ख आठवत होतं, मागचा भगवा-पांढरा मांडवसुद्धा. लायब्ररीत गेले तर टेपांच्या पाठीवर नुसतं 'सभा, नागपूर' एवढंच. तारीख नाही, विषय नाही. अशा अकरा टेपा निघाल्या. एकेक लावून, पुढे पळवून, कान देऊन ऐकत राहिले. नवव्या टेपमध्ये तो बाईट सापडला तेव्हा बुलेटिन संपून अँकर मेकअप पुसत होती. 'डेली शो'मध्ये दिवसभर वाहिन्या रेकॉर्ड करणारी यंत्रं आणि त्या बघत बसणारी माणसं होती. पुढे तर उपशीर्षकांतला शब्द टाकला की नेमका क्षण समोर येईल अशी व्यवस्थाही आली. प्रेक्षकाला स्टुअर्टची वर गेलेली भुवई दिसते. तिच्यामागे कुणीतरी नववी टेप लावलेली असते.

स्टुअर्टमुळे खरंच काही बदललं का?

दोन गोष्टी नक्की सांगता येतात. ऑक्टोबर २००४ मध्ये तो सीएनएनच्या 'क्रॉसफायर' या वादंगाच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून गेला. तुमच्या या भांडणांनी देशाचं नुकसान होतंय, ते थांबवा, असं त्यानं दोन्ही सूत्रधारांना तोंडावर सांगितलं. जानेवारीत वाहिनीनं तो कार्यक्रम बंद केला आणि स्टुअर्टचं म्हणणं आपल्याला पटतं, असं वाहिनीच्या प्रमुखांनी जाहीरपणे म्हटलं. आपल्याकडच्या रात्री नऊच्या आठ खिडक्यांच्या चर्चा मी पीसीआरमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षात, उभी राहून बघितल्या आहेत. त्यामुळे तो भाग माझ्या फार जवळचा आहे.

दुसरी गोष्ट याहून मोठी. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ढिगाऱ्यात राबलेले अग्निशामक दलाचे जवान, पोलीस आणि मजूर पुढे आजारी पडले. त्यांच्या उपचारांचं विधेयक २०१० च्या डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये अडकून पडलं होतं. १६ डिसेंबरला स्टुअर्टनं अख्खा भाग त्याला दिला. त्यातले चौघे जण समोर बसवले आणि त्यांना बोलू दिलं. सहाच दिवसांत विधेयक मंजूर झालं. एका कार्यक्रमामुळे झालं असं म्हणणं त्या कामगारांच्या वर्षानुवर्षांच्या लढ्यावर अन्याय होईल, पण ज्या गोष्टीकडे मोठ्या वाहिन्यांचं लक्ष नव्हतं ती त्यानं मध्यभागी आणली. २०१९ मध्ये तो संसदेच्या समितीपुढे त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायलाही गेला, तेव्हा त्याच्याकडे कुठलाच रोजचा कार्यक्रम नव्हता.

२०१५ ते २०२२ ही सात वर्षं 'डेली शो'ची खुर्ची दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर नोआनं सांभाळली. फेब्रुवारी २०२४ पासून स्टुअर्ट दर सोमवारी परत येऊ लागला, इतर दिवस वार्ताहर मंडळी वाटून घेऊ लागली.

'डेली शो' आणि 'कोलबेअर रिपोर्ट' यांत फरक काय?

स्टुअर्ट स्वतः म्हणून बोलायचा. स्टीफन कोलबेअर सोंग घ्यायचा. २००५ ते २०१४ अशी नऊ वर्षं आठवड्यातले चार दिवस तो एका आक्रस्ताळ्या, स्वतःवर खूश असलेल्या उजव्या अँकरच्या भूमिकेत बसला. नावाचा उच्चार 'रिपोर' करायचा, शेवटचा 'ट' दोन्ही शब्दांत गायब. पहिल्याच भागात त्यानं 'ट्रूथीनेस' असा शब्द काढला. पुराव्याशी देणंघेणं नाही, मनाला पटलं ना, मग तेच खरं, असा त्याचा अर्थ. मेरियम-वेबस्टर शब्दकोशानं २००६ चा शब्द म्हणून तोच निवडला.

सोंगाची ताकद कळायला त्याचं २०११ चं 'सुपर पॅक' प्रकरण बघा. अमेरिकेत निवडणुकीत अमर्याद पैसा ओतायची मुभा अशा समित्यांना असते, मुख्य अट ही: उमेदवाराशी संगनमत नको. हे समजावून सांगणारी बातमी मी लिहिली असती तर दुसऱ्या परिच्छेदात वाचक निघून गेला असता. कोलबेअरनं स्वतःच रीतसर अर्ज करून समिती काढली, लोकांकडून दहा लाख डॉलरहून जास्त पैसे जमवले. निवडणूक आयोगाचे माजी अध्यक्ष असलेले वकील समोर बसवून एकेक पळवाट विचारली. मग निवडणुकीत उतरायची घोषणा करायची म्हणून ती समिती स्टुअर्टच्या हवाली केली, तेही कॅमेऱ्यासमोर, सगळ्या कायदेशीर कागदांसह. समितीचं नवं नाव होतं 'कोलबेअरशी मुळीच संगनमत न करणारी'. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग केंद्रानं २०१४ मध्ये दाखवून दिलं की या विषयावर कोलबेअरच्या प्रेक्षकांना वृत्तवाहिन्यांच्या प्रेक्षकांपेक्षा जास्त कळलं होतं.

सोंगाला एक धोकाही असतो. २००९ मध्ये ओहायोतल्या संशोधकांनी पाहिलं की उजव्या विचारांच्या प्रेक्षकांना कोलबेअर आवडत होता, पण तो विनोदाचा फक्त आव आणतो आणि मनापासून आपल्याच बाजूचं बोलतो, असं त्यांना वाटत होतं. म्हणून मला विचाराल तर धाडस कोलबेअरचं मोठं आणि विश्वास स्टुअर्टवर जास्त.

जॉन ऑलिव्हरचा 'लास्ट वीक टुनाइट' एवढा वेगळा का वाटतो?

कारण त्याच्याकडे वेळ आहे. एप्रिल २०१४ पासून एचबीओवर आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, मध्ये एकही जाहिरात नाही, आणि मुख्य विषयाला पंधरा-वीस मिनिटं. रोजच्या कार्यक्रमाला आज काय घडलं त्याच्या मागे धावावं लागतं. ऑलिव्हर कुणी मागत नसलेला विषय काढतो: खाजगी तुरुंग, जामीन, पोल्ट्रीचे करार. त्याच्या चमूत संशोधक आणि तथ्यं तपासणारी माणसं आहेत, आणि ते जाणवतं. आकडा आला की त्याखाली तो कुठून घेतला ते दिसतं.

जून २०१६ मधला वैद्यकीय कर्जाचा भाग जरूर बघा. अमेरिकेत दवाखान्याची थकलेली बिलं वसुली कंपन्या कवडीमोलानं विकत घेतात आणि मग रुग्णांच्या मागे लागतात. अशी कंपनी काढणं किती सोपं आहे हे दाखवायला ऑलिव्हरच्या चमूनं मिसिसिपी राज्यात ५० डॉलर भरून खरीच कंपनी काढली. थोड्याच दिवसांत तिला जवळपास दीड कोटी डॉलरचं कर्ज ६० हजार डॉलरच्या आत विकायला आलं, सोबत सुमारे ९ हजार माणसांची नावं आणि पत्ते. त्यांनी ते विकत घेतलं आणि एका संस्थेमार्फत सगळं माफ करून टाकलं. डॉक्टरांचं बिल भरायला मंगळसूत्र गहाण ठेवलेलं घर ज्यानं पाहिलं आहे, त्याला हा भाग समजायला अमेरिका माहीत असायची गरज नाही.

कोळसा उद्योगावरच्या २०१७ च्या भागानंतर एका खाणमालकानं त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. २०१८ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला, पुढच्या वर्षी अपीलही मागे घेतलं गेलं. तरी वकिलांवर दोन लाख डॉलरहून जास्त खर्च झाल्याचं ऑलिव्हरनं नंतर सांगितलं. अभ्यासाबरोबर खिसाही खोल लागतो, हे मराठीतल्या प्रश्नाकडे वळताना लक्षात ठेवा.

ब्रिटिश कार्यक्रम पाहताना वेगळं काय जाणवतं?

तिकडे एकटा सूत्रधार कमी, गप्पांचा फड जास्त. 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' १९९० पासून चालू आहे. दोन संघ, आठवड्याच्या बातम्यांवर प्रश्न, आणि एका बाजूला कायम 'प्रायव्हेट आय' या पाक्षिकाचा संपादक इयान हिस्लॉप. तिथे खासदार आपणहून येऊन बसतात आणि बोलणी खातात. १९९३ मध्ये मजूर पक्षाचे रॉय हॅटरस्ली तिसऱ्यांदा ऐन वेळी आले नाहीत, तेव्हा त्यांच्या खुर्चीवर डुकराच्या चरबीचा एक डबा ठेवला आणि पूर्ण भाग त्या डब्याला पाहुणा मानून केला.

एक नियम मात्र मला आजही खटकतो. ब्रिटिश संसदेतलं चित्रण थट्टेच्या कार्यक्रमात वापरायला मनाई आहे. २०११ मध्ये त्यापायी 'डेली शो'चा एक भाग तिकडे दाखवलाच गेला नाही. म्हणजे ज्या देशानं हा प्रकार टीव्हीवर आणला, तिथेच बाईटला बाईट भिडवायची सोय अर्धी बंद.

क्रिस मॉरिसच्या 'ब्रास आय'मध्ये 'केक' नावाचा अस्तित्वातच नसलेला अमली पदार्थ दाखवला होता. नामवंत मंडळींनी कॅमेऱ्यासमोर त्याविरुद्ध इशारे दिले, एका खासदारानं तर त्यावर संसदेत प्रश्न विचारला. न वाचता बोलणाऱ्यांची यापेक्षा चांगली परीक्षा मी पाहिलेली नाही.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात असं काही आहे का?

आहे, आणि दोन्हीकडे स्टुडिओबाहेर पडून केलेलं. कॅनडाचा 'धिस अवर हॅज ट्वेंटी-टू मिनिट्स' १९९३ पासून चालतो. २००० च्या निवडणुकीत एका पक्षाचा प्रस्ताव होता की मतदारांपैकी ३ टक्क्यांनी सह्या केल्या की सार्वमत घ्यायचं. कार्यक्रमातल्या रिक मर्सरनं लोकांना हाक दिली: त्या पक्षाचे नेते स्टॉकवेल डे यांनी आपलं नाव बदलून डोरिस ठेवावं म्हणून सह्या करा. इंटरनेटवर दहा लाखांच्या वर सह्या पडल्या. प्रस्तावातली खोट सांगायला त्यांना अग्रलेख लिहावा लागला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या 'द चेसर' मंडळींनी २००७ मध्ये सिडनीतल्या एपेक या आशिया-पॅसिफिक देशांच्या परिषदेच्या वेळी भाड्याच्या गाड्यांना कॅनडाचे झेंडे लावून नकली ताफा काढला. पासांवर ठळक अक्षरांत 'विनोद' असं लिहिलेलं असूनही पोलिसांनी तो नाक्यांतून सोडला. बुश यांच्या हॉटेलाजवळ ते आपणच थांबले आणि आतून बिन लादेनच्या वेशातला एक जण उतरला. अटक झाली, पुढच्या वर्षी आरोप मागे घेतले गेले. सुरक्षेच्या देखाव्यावरची टीका खरी होती, पण बंदुका रोखलेल्या माणसांसमोर अशी जोखीम घ्यावी असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार नाही.

एका कवितेमुळे जर्मनीत कायदा बदलला, हे खरं का?

हो. मार्च २०१६ मध्ये तिथल्या 'एक्स्ट्रा ३' कार्यक्रमानं तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्यावर गाणं केलं. तुर्कस्ताननं जर्मन राजदूताला बोलावून जाब विचारला. त्यानंतर यान ब्योमरमान या सूत्रधारानं, कायद्यात न बसणारी टीका कशी असते ते दाखवतो, असं म्हणत एर्दोआन यांच्यावर अतिशय शिवराळ कविता वाचली. परदेशी राष्ट्रप्रमुखाचा अपमान हा जर्मनीत जुन्या कलम १०३ खाली गुन्हा होता, आणि खटल्याला सरकारची परवानगी लागायची. तेव्हाच्या चॅन्सलर मर्केल यांनी ती दिली. ऑक्टोबरमध्ये आरोप सोडून दिले गेले आणि १ जानेवारी २०१८ पासून ते कलमच रद्द झालं. हॅम्बुर्गच्या न्यायालयानं मात्र कवितेतल्या बहुतेक ओळींवर बंदी घातली. कविता म्हणून मला ती आवडत नाही. त्यातली बरीच थट्टा सत्तेची नसून एका समाजाला चिकटवलेल्या घाणेरड्या समजुतींची आहे.

जिथे बोलणंच धोक्याचं, तिथे कुणी हे केलं का?

इजिप्तच्या बासेम युसेफनं. माणूस हृदयाचा शल्यविशारद. २०११ च्या तहरीर चौकातल्या उठावानंतर त्यानं कैरोतल्या आपल्या घरातून यूट्यूबवर छोटे भाग टाकायला सुरुवात केली. पुढे 'अल-बर्नामेग' टीव्हीवर आला आणि अरब जगात घराघरात पोचला. पद्धत स्टुअर्टचीच: वाहिन्यांच्या फिती लावायच्या आणि त्यांतली विसंगती दाखवायची. मार्च २०१३ मध्ये अध्यक्ष मोर्सी आणि इस्लाम यांचा अपमान केल्याच्या आरोपावरून अटकेचं फर्मान निघालं. तो सरकारी वकिलाच्या कार्यालयात हजर झाला तो डोक्यावर एक भलीमोठी पदवीदानाची टोपी घालून. मोर्सी यांनी पाकिस्तानात मानद पदवी घेताना घातलेल्या टोपीची ती नक्कल होती. मोर्सी गेले, लष्कर आलं, आणि जून २०१४ मध्ये कार्यक्रम कायमचा थांबला. दोन्ही राजवटींना तो नको होता. माझ्या लेखी या सगळ्यांत सर्वात मोठा माणूस तोच.

इराणमधली एक घटनाही विसरता येत नाही. २००९ मध्ये 'डेली शो'चा वार्ताहर तेहरानला गेला आणि हेर असल्याचं सोंग करून पत्रकार मझियार बहारी यांच्याशी बोलला. काही दिवसांनी बहारींना पकडलं आणि तुरुंगात तीच फीत पुरावा म्हणून त्यांच्यासमोर ठेवली. ११८ दिवस ते आत होते.

यात आपल्या मुंबईचं किंवा भारताचं कुणी आहे का?

'डेली शो'चा अनेक वर्षांचा वार्ताहर आसिफ मांडवी मूळचा मुंबईत जन्मलेला. २०१३ मध्ये त्यानं उत्तर कॅरोलायनातल्या एका स्थानिक पक्ष पदाधिकाऱ्याला मतदार ओळखपत्राच्या कायद्यावर शांतपणे बोलतं केलं. तो गृहस्थ इतकं वर्णद्वेषी बोलून गेला की पद सोडावं लागलं. मांडवीनं त्याला अडवलं नाही, चिडवलंही नाही. मुलाखत घेणाऱ्यानं कधी थांबावं, हे शिकायला तेवढा तुकडा पुरे.

भारतीय आईवडिलांचा हसन मिन्हाज २०१८ ते २०२० नेटफ्लिक्सवर 'पेट्रियट ॲक्ट' करायचा, उभ्यानं, भोवती ग्राफिक्सच ग्राफिक्स. सौदी राजपुत्रावरचा त्याचा भाग सौदीत काढून टाकला गेला. २०२३ मध्ये 'न्यूयॉर्कर'नं दाखवलं की रंगमंचावर त्यानं सांगितलेल्या स्वतःच्या काही आठवणी तशा घडलेल्या नव्हत्या. ते भावनिक सत्य आहे, असं त्याचं म्हणणं, आणि त्यानं लांबलचक खुलासाही केला. मला तो मनापासून आवडतो. तरीही ज्याच्या विनोदाला बातमीचा आधार आहे, त्यानं आठवणीतही हात सैल सोडू नये असं वाटतं.

भारतातल्या टीव्हीवर जसपाल भट्टींनी दूरदर्शनवर 'उल्टा पुल्टा' केला, एनडीटीव्हीवर 'गुस्ताखी माफ'च्या बाहुल्या आल्या, सायरस ब्रोचाचा 'द वीक दॅट वॉझन्ट' अनेक वर्षं चालला. सगळे लाडके, पण छोट्या वेळेचे. फेब्रुवारी २०२० मध्ये ऑलिव्हरनं मोदींवर केलेला भाग हॉटस्टारवर आलाच नाही. यूट्यूबवर तो होता.

एक सरळ धागा मात्र आनंदाचा आहे. इंटरनेट सर्वांना सारखं मिळावं या विषयावर ऑलिव्हरनं जून २०१४ मध्ये भाग केला आणि अमेरिकी नियामकाच्या संकेतस्थळावर मतांचा पूर आला. एप्रिल २०१५ मध्ये मुंबईच्या एआयबी या विनोदी चमूनं त्याच विषयावर त्याच धाटणीचा व्हिडिओ केला. ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकाकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायनं वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी इंटरनेटचे वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घातली.

मराठीत असा कार्यक्रम का नाही?

हा प्रश्न मला सर्वात जास्त विचारला जातो, आणि तो मला लागतो. विनोद कमी पडतो म्हणून नाही. तमाशाच्या बतावणीत आणि वगात सोंगाड्या राजाच्या तोंडावर बोलत आला आहे. 'विच्छा माझी पुरी करा'च्या प्रयोगांत दादा कोंडके हवालदार होऊन ताजे राजकीय टोले संहितेबाहेर घालायचे आणि लोक त्यासाठी पुन्हा पुन्हा जायचे. 'चला हवा येऊ द्या'नं २०१४ पासून घराघरात हसू नेलं, पण त्याचा रोख बातमीवर नव्हता. यूट्यूबवरच्या भाडिपानं ('भारतीय डिजिटल पार्टी') नावातच राजकीय पक्षाची नक्कल केली आणि शहरी मराठी घर छान पकडलं.

अडतं ते विनोदाच्या अलीकडे. पहिलं, नीट नोंदी केलेली फितींची लायब्ररी. ती नववी टेप मी अजून विसरलेले नाही. दुसरं, पैसा आणि वकील. आपल्याकडे अब्रूनुकसानी हा फौजदारी गुन्हाही आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये तो कायम ठेवला, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ऑलिव्हरवर दिवाणी दावा झाला. इथे लेखकाला तालुक्याच्या कोर्टात आरोपी म्हणून तारखा घालाव्या लागू शकतात. तिसरं, आठवडाभर एकाच विषयावर चार माणसं बसवायची वाहिनीची तयारी. चार तरुण पोरं, एक वकील आणि जिल्हा परिषदेपासून विधानसभेपर्यंतच्या भाषणांची तारीखवार नोंद एवढं जमलं, तर पंधरा दिवसांतून एक भाग मराठीत निघू शकतो. हे मी अंदाजानं बोलत नाही, डेस्कवर हिशेब मांडून पाहिला आहे.

हे सगळे एकाच बाजूचे असतात ना?

अमेरिकेतले बरेचसे डावीकडे झुकलेले आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. उजव्या बाजूनं फॉक्स या वृत्तवाहिनीनं २००७ मध्ये 'हाफ अवर न्यूज अवर' काढला, तो काही महिन्यांत बंद पडला. २०२१ पासून रोज येणारा 'गुटफेल्ड!' मात्र उत्तम चालतो. मी एवढंच तपासते: आपल्या बाजूचा माणूस चुकला तेव्हा हे बोलले का? स्टुअर्टनं २०२४ मध्ये परत आल्याच्या पहिल्याच रात्री ट्रम्प आणि बायडेन या दोघांच्याही वयावर बोट ठेवलं. त्याच्याच चाहत्यांनी त्याला शिव्या घातल्या.

फक्त हेच बघून बातम्या कळतील का?

नाही. एका विषयात खोल जाता येईल, पण तुमच्या पाणीपुरवठ्याचं काय झालं ते ऑलिव्हर सांगणार नाही. आधी पेपर, मग हे.

सुरुवात कुठून करू? इंग्रजी भरभर जातं.

ऑलिव्हरपासून. मुख्य विषयाचे तुकडे यूट्यूबवर फुकट आहेत, पूर्ण आहेत, आणि त्याला आधीची पार्श्वभूमी लागत नाही. वैद्यकीय कर्जाचा भाग लावा, उपशीर्षकं चालू करा, वेग थोडा कमी करा. पहिल्यांदा विनोद सुटले तरी चालतील, मुद्द्याचा धागा धरा. दुसऱ्यांदा बघताना वही घ्या आणि पडद्यावर आलेला प्रत्येक आकडा कुठून घेतला आहे ते उतरवून काढा. माझ्या वर्गातली मुलं हेच करतात. वीस मिनिटांचा भाग, वहीची दोन पानं भरतात.